दुसरं बिऱ्हाड

नारीनला फेब्रुवारीत कोळसा महाग, रात्र स्वस्त.
शेगडीपाशी बसलोय, मांडीवर नवा लॅपटॉप,
झाकणावरचं प्लास्टिकसुद्धा अजून सोललेलं नाही.
बेगिमायच्या पैशांतून घेतला.
आत विंडोज आधीपासून राहतंय,
पाय पसरून, घरमालकासारखं.

मला एकच खोली हवी आहे,
गेन्नादीच्या प्रोग्रॅमसाठी.
एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी नदी मोजली,
सकाळी आठ, रात्री आठ:
पाणी किती, बर्फ किती जाड.
त्यानं तो लिनक्सवर लिहिला
आणि कुणाला समजावून न सांगताच गेला.
माझा पगार थांबला, मोजणं नाही.
जुनं यंत्र मात्र परवा जरासा धूर सोडून गप्प झालं.

बाजारातला कुबात म्हणाला, सगळं पुसा, एकच ठेवा,
एका म्यानात दोन तलवारी कशाला?
तलवारी नाहीत रे, म्हटलं, बिऱ्हाडं आहेत.
त्यानं पेनड्राइव्ह भरून दिला
आणि वर फुकटचा सल्ला:
सुरू होताना एफ टू दाबत राहायचं.

पहिल्या रात्री इन्स्टॉलर म्हणाला,
इथे डिस्कच नाही.
अरे, ज्या घराच्या ओसरीवर उभा आहेस
तेच घर दिसत नाही तुला?
मी चहा केला, पुन्हा लावला. डिस्क नाही.
तिसऱ्यांदाही नाही.

दुसऱ्या रात्री एफ टू.
रेड काढून एएचसीआय केलं, सिक्युअर बूट बंद केलं,
परीक्षेत शेजाऱ्याचं बघणाऱ्या पोरासारखा
एकदा दाराकडे पाहून.
डिस्क दिसली!
पण विंडोज उठलं ते ओळखच देईना.
चावी मागू लागलं: अठ्ठेचाळीस आकडे.
मी कुलूप लावलंच नव्हतं,
ते आपलं आपण लागलं होतं,
आणि चावी बेगिमायच्या खात्यात,
ती कॉर्नवॉलच्या चिखलात.

काम सुटल्यावर तिनं फोन केला.
तिकडे संध्याकाळचे सहा,
इकडे माझे बारा वाजलेले, दोन्ही अर्थांनी.
दिवसभर ती डॅफोडिल खुडते,
दहाची जुडी, वर रबरबँड,
कळी मिटलेली असतानाच;
उमललेलं फूल मुकादम फेकून देतो.
आता तिनं सहा-सहाच्या आठ जुड्या बांधून दिल्या,
कॅराव्हॅनच्या पत्र्यावर वारा आपटत होता,
मी पेन्सिलीनं कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत होतो.
पाचव्या जुडीत तिला खोकला आला.
औषध आणलंस का?
बाबा, आकडा लिहा.
लिहिला, तो चुकला. यंत्रानं लगेच सांगितलं.
खोकल्याचं कुणीच काही सांगितलं नाही.

मग सेफ मोडमधून विंडोजला हळूच चालवून आणलं,
दवाखान्यातून आलेल्या माणसाला अंगणात चालवावं तसं.
तिसऱ्या रात्री भिंत घातली, ऐंशी जीबीची.
गेन्नादीची हिरवी अक्षरं उघडली,
नेहमीसारखी, नमस्कार-चमत्कार काही नाही:
पाणी किती?

सगळं झालं असं वाटलं म्हणून पहिल्या घरात डोकावलो,
तर खिडकीबाहेर काळोख
आणि घड्याळात दुपारचे दोन दहा.

कुबात फोनवर हसला.
घड्याळ एकच आहे, आजोबा.
एक म्हणतो ही नारीनची वेळ, दुसरा म्हणतो ग्रीनिचची.
एका ओळीचा इलाज आहे, लिहून घ्या.

घेतली लिहून.
नदीला अंदाजपंचे चालत नाही,
आठची नोंद आठलाच हवी.
तरी लगेच उठलो नाही.
दोन अकरा. दोन बारा.
जेवणाची सुट्टी संपली असेल,
ओले हातमोजे पुन्हा चढवले असतील,
वाकली असेल.
दोन वीसपर्यंत बघितलं.

मग पलीकडच्या खोलीत जाऊन ओळ टाइप केली
आणि राहिलेली नोंद भरली:
काठाला बर्फ.
मधोमध पाणी चालू.